मालवणात कुडकुडणारी व्हॅन

आमच्या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. गाडी चालवताना मी अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी त्याच्यावर बसलेली असते. खाली काय दुखतंय ते मला कानाच्या आधी बुडाला कळतं. हे मी एकदा बाबली मेकॅनिकला सांगितलं, तर तो एवढा हसला की हातातला पाना पायावर पडला. पण खरं आहे ते.

पाच वर्षं मी आणि शेवंती ह्या व्हॅनमधून मासे विकतो. मालवणच्या बंदरावर वाटे घ्यायचे आणि वरच्या गावांत, थेट धामापूरपर्यंत जायचं. त्याआधी आम्ही टोपल्या घेऊन बसने जायचो. चढलो की दोघीतिघी खिडक्या उघडायच्या, एखादी पदर नाकाला लावून उलटी येणार असं तोंड करायची. तीच बाई बुधवारी दारात बांगडा दाबून बघायची, ताजा आहे ना म्हणून. व्हॅन आल्यापासून वास आमचा, गाडी आमची, आणि खिडकीही आमचीच.

पावसाळ्यात होड्या वर ओढतात, तशी मी व्हॅनही माडाच्या चुडतांनी शाकारलेल्या मांगरात, घरामागच्या छपरात, लावते. होडीची करतात तशी तिची सगळी निगा करते. त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, नारळी पुनवेला दोन दिवस असताना ती बाहेर काढायला गेले. चावी फिरवली. व्हॅन खोकली, मागून काळा धूर सोडला, पेट्रोलच्या वासाने डोळ्यांत पाणी आणलं आणि बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. समोर एक पिवळा दिवा लागून राहिला, तो विझेना.

बाबलीला बोलावलं. कार्बोरेटरच्या गाड्या तो डोळे मिटून उघडतो, पण आमची कॉम्प्युटरवाली, आणि वरून आठ वर्षं जुनी. त्याने सीट उचलली, आत बघितलं, सीट खाली ठेवली.

"कॉम्प्युटर गेलो."

"गेलो म्हणजे खंय गेलो?"

"वैकुंठाक," बाबली म्हणाला. "तुळसाबाय, आता भंगारात घाल."

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजला फोन लावला. ते म्हणाले, कॉम्प्युटर बदला, सगळं वायरिंग बदला. मग नंबरप्लेट तेवढी आमची राहिली असती.

माझं डोकं फिरलं. मे महिन्यात बाबलीने सीट उचलली होती, ते आठवलं, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर चार माणसं ऐकत असताना मी बोलले, "तूच कायतरी बिघडवलंस. तुझ्याशिवाय कोणाचो हात नाय लागलो तेका."

"मी फक्त हवेचो फिल्टर साफ केलंय, तुळसाबाय." एवढंच बोलून तो गेला. त्याचा चहा तसाच राहिला. 

बातमी आमच्या भिकाजीभावजींना दुपारपर्यंत कळली. भिकाजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी त्याच वर्षी नवा टेम्पो घेतला होता आणि त्यांनाही वरची गावं हवी होती. आले, मांगरात डोकावले, व्हॅनच्या पत्र्यावर बोटाने टकटक केली.

"वैनी, इंजिन हां काय तुमचा काम न्हय. पुनव झाली की तुमी दोगी माझ्या टेम्पोत बसा. मासो माझो, गिऱ्हाईक तुमचा. दिसाचो रोज घेवा आणि सुखान रवा."

"आणि भाव कोण सांगतलो?"

"मासो ज्याचो, तो."

शेवंती माझ्या शेजारी उभी होती. ती खाली बघत होती, आणि मला तेच जास्त लागलं. धामापुरात कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोणाला सोमवार असतो, कोण म्हातारी काट्याला घाबरते म्हणून तिला सुरमईचा मधला तुकडा ठेवायचा, हे आम्हाला माहीत. पाच वर्षं भाव आम्ही सांगितला. आता टेम्पोत मागे बसून दुसऱ्याचा भाव पोपटासारखा बोलायचा?

भावजी गेल्यावर शेवंती म्हणाली, "तुळशे, तुझो घोव आसा. माका घराक बसाक जमाचा नाय." तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. तिचं चुकत नव्हतं.

"पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बंदरावर उभी करतंय," मी म्हटलं. "तवसर भावजींका होय म्हणा नको."

"आणि उभी नाय ऱ्हवली तर?"

"तर तुझ्या आदी मी टेम्पोत चढान."

बोलून बसले. आता करणं भाग होतं.

गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने एक जाडजूड झेरॉक्सचं पुस्तक दिलं होतं, सगळं इंग्रजी. मी सातवीपर्यंत शिकले. इंग्रजी पुढे औषधांच्या बाटल्यांवरून आणि इंजिनच्या डब्यांवरून शिकले. डिक्शनरी घेऊन दर पावसाळ्यात ह्या पुस्तकाची दहा-बारा पानं वाचायची, असा माझा चातुर्मास. पिवळ्या दिव्याचं पान अजून वाचायचं राहिलं होतं. ते त्या दिवशी वाचलं.

त्यात लिहिलं होतं की एका छोट्या काळ्या डबीतली दोन भोकं तारेने जोडली की पिवळा दिवा लुकलुकतो, आणि किती वेळा लुकलुकला त्यावरून रोग कळतो. तार शोधत कोण बसतंय! अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला आणि घातला दोन भोकांत.

दिवा एकदा लागला. थांबला. मग चारदा लागला. पुन्हा एकदा, पुन्हा चारदा.

एक आणि चार, चौदा. कॉम्प्युटर वैकुंठाला गेला असता तर एवढे मोजून डोळे कोणी मिचकावले असते?

पुस्तकात चौदासमोर लिहिलं होतं, पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर. बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा असतो, इंजिनात फिरणाऱ्या पाण्यात तोंड बुडवून बसलेला. पाणी किती तापलं ते तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती द्यायचं ते ठरवतो. इंजिन गार असेल तर जास्त, तापलं की कमी. चुलीवर भात ठेवल्यावर आपण जाळ कमी-जास्त करतो, तसं.

ह्यांच्या होडीवरचा पाना आणून मी सेन्सर काढला. हिरवं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग पेजेच्या टोपात पाणी ठेवलं, सेन्सर दोऱ्याला बांधून त्यात सोडला, आणि त्याच्या दोन पायांत माझ्या मीटरच्या टोकदार सुया रुतवल्या. वीज किती अडते ते मोजायचा मीटर, दोन वर्षांपूर्वी बाजारातून आणला होता. तेव्हापासून घरातला एकही बल्ब त्याच्या तावडीतून सुटला नव्हता.

आमचे हे जाळं शिवून घरात आले. टोपात बघितलं.

"आज पितळेची कढी?"

"होय."

"तिरफळां घाल गो. वास बरो येतलो." आणि शेजारी बसून चुलीत नारळाची सोडणं सारत राहिले. आमचे हे बोलतात कमी, पण जाळ नेमका ठेवतात.

थंड पाण्यात मीटरने दोन हजारांच्या वर आकडा दाखवला. पाणी तापत गेलं तसा आकडा उतरत गेला, आणि उकळी फुटली तेव्हा दोनशेच्या खाली आला. पुस्तकात अगदी हेच लिहिलं होतं. सेन्सर ठणठणीत होता!

मग बिघडलं काय? मी सेन्सरवर बसणारा प्लग हातात घेतला आणि उजेडात धरला. आतल्या दोन पत्र्यांवर काळी, चकचकीत साल होती, वांग्याच्या सालीसारखी. सेन्सरच्या पायांवरही तीच, मीटरच्या सुया तिला टोचून आत गेल्या होत्या. नखाने खरवडली, वास घेतला. आणि मला तिथेच भुईत शिरावंसं वाटलं.

काजूचं तेल होतं ते.

माझे बाबा होडी वर घेतली की तळाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावायचे. हाताला लागलं तर कातडं निघतं, पण लाकडात किडा शिरत नाही आणि खिळा गंजत नाही. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी व्हॅनमध्ये सारखं खाली ठिबकतं, म्हणून मे महिन्याच्या शेवटी मी एकेक प्लग उघडून कोंबडीच्या पिसाने आत तेच तेल लावलं होतं. केवढ्या मायेने! पण ते तेल सुकलं की त्याची साल होते. मग आत पाणी जात नाही, आणि वीजही जात नाही. सेन्सर बिचारा ओरडून सांगत होता आणि कॉम्प्युटरपर्यंत आवाजच पोचत नव्हता. काही ऐकू आलं नाही की कॉम्प्युटर समजतो, बाहेर कडाक्याची थंडी आहे. ऑगस्टात, मालवणात, घामाने ब्लाऊज पाठीला चिकटलेलं असताना, माझी व्हॅन हिमालयात कुडकुडत होती. आणि तो तिला पेट्रोलवर पेट्रोल पाजत होता.

संध्याकाळपर्यंत चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून बाकीचे प्लग साफ केले. शेवटी ह्या सेन्सरचे पाय सुरीने खरवडायला घेतले. तेलाखाली मिठाने आधीच पोखरलं होतं. एक पाय मुळापासून तुटला आणि माझ्या मांडीवर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सर रुमालात गुंडाळून बाबलीच्या गॅरेजात गेले. त्याने मान वर केली नाही.

"बाबली, तू न्हय. मी."

"काय मी?"

सांगितलं. त्याने हातातलं चाक खाली ठेवलं.

"काजूचा तेल? प्लगात? अगो, गाडी म्हणजे होडी काय?"

"हस. हसान घे."

"हसूचा काय? माझ्या आयेन माझ्या सायकलीच्या चेनीक लायलेला. चेन आजून तशीच आसा. फिरणा नाय." मग तो हात पुसत म्हणाला, "पण तुळसाबाय, टपरीवर चार माणसांत बोललंस तू माका."

"चल," मी म्हटलं.

टपरीवर तीच चौघं होती, त्यांना दुसरं काम नसावं. मी मोठ्याने म्हटलं, "गाडी बाबलीन बिघडवक नाय, मी बिघडवली. काजूचा तेल लावन. कोणाक हसूचा असात तेणी आताच हसा, उद्या माका वेळ नाय." हसले सगळे. बाबलीने दोन चहा सांगितले आणि ह्या वेळी आपला चहा संपवला.

नवा सेन्सर कोल्हापूरहून यायला आठ दिवस लागणार होते. पुनव उद्यावर आली होती.

"बाबली, कॉम्प्युटराक काय व्हया? आकडो. सेन्सर देता तो आकडो आपण दिलो तर?"

"खोटो?"

"खोटो कित्याक? सकाळी गाडी थंड असता तेव्हा थंडीचो देवया. तापली की गरमीचो. आदल्या गाडयेक चोक होतो मा? तो कोण ओढी? माणूसच मा?"

बाबलीने डोकं खाजवलं. "ओढी होतो," तो म्हणाला. "पण तो चोक कंपनीन दिललो."

"हो मी दितंय."

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तांदळाच्या दाण्याएवढे, रंगीत पट्ट्यांचे तुकडे मिळतात. वीज ठरल्या मापाने अडवायची, एवढंच त्यांचं काम. एक घेतला बावीसशेचा, थंडीसाठी. दुसरा तीनशे तीसचा, गरमीसाठी. एक-दोन सुटे दुकानदार देईना, पट्टीच घ्यावी लागली. आणि घेतलं जिन्याचं बटण, वरून-खालून दिवा लावायला असतं ते. खटका इकडे केला की एक वाट, तिकडे केला की दुसरी. आमच्या घराला जिना नाही. गाडीला झाला.

प्लगच्या तारांना तुकडे जोडून डाग बाबलीने दिला. सेन्सर मी परत जागेवर घट्ट बसवला, पाणी अडवायला तरी उपयोगी पडला. बटण स्टिअरिंगच्या बाजूला फळीवर ठोकलं. खटका थंडीवर ठेवला, चावी फिरवली. दुसऱ्या झटक्याला सुरू झाली! धूर आधी काळा, मग करडा, मग नाहीच. पाच मिनिटांनी खटका गरमीवर टाकला आणि इंजिनाचा आवाज असा खाली बसला, जसं रडणारं पोर अंगावर घेतल्यावर बसतं.

"समोरच्या गरमीच्या काट्यावर नजर ठेव, तेची तार वेगळी आसा," बाबली जाताना म्हणाला. "आता गाडयेक बरा-वायट कळाचा नाय. तुकाच कळूक व्हया."

पुनवेला दर्याला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन बंदरावर उभी होती. ह्यांची होडी आली, ताजी कोळंबी, आमची सुंगटं, आणि बांगडे मिळाले. भिकाजीभावजींचा टेम्पोही होता. त्यांनी खिडकीतून जिन्याचं बटण बघितलं.

"वैनी, वरच्या माळ्यार दिवो लागता काय ह्या बटणान?"

"लागता. तुमच्या डोक्यात लागना नाय तेवढोच."

शेवंतीने टोपली व्हॅनमध्ये ठेवली खरी, पण बसताना म्हणाली, "बंद पडली तर मी टेम्पोत चढतलंय हां, तुळशे. आदीच सांगतंय."

"चढ. कोणी धरूक नाय तुका."

कुंभारमाठाच्या चढणीपर्यंत गाडी सुरेख चालली. अर्ध्या चढणीवर बुडाखालून ऊब जास्त यायला लागली. काट्याकडे बघितलं तर तो लाल रेघेच्या दिशेने निघालेला. गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं, चावी अर्धी ठेवली आणि कान दिला. पंख्याचा आवाज नव्हता.

इंजिन गार करणारा पंखा! तो कधी लावायचा ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि तेही ह्याच सेन्सरला विचारून. मी आपला तीनशे तीसचा आकडा देऊन ठेवला होता, म्हणजे पाणी मजेत आहे. खाली इंजिन होरपळत होतं आणि मी त्याच्या वतीने वर सांगत होते, आमचं बरं चाललंय. थंडीचा विचार केला, गरमीचा केला, आग लागली तर कोण बोलणार ह्याचा केलाच नाही.

मागून टेम्पो आला आणि थांबला. भावजी उतरले. हसत नव्हते, उलट आवाजात खरी काळजी होती, आणि तीच जास्त जड पडते.

"वैनी, झाला. हट्ट सोडा. उनात सुंगटां जातली. टोपल्यो हय घाला." मग शेवंतीकडे वळून, "येवा तुमी."

शेवंती उतरली. तिने टोपलीला हात घातला.

बोलायला वेळच नव्हता. सीट उचलली. वाफेचा भपका तोंडावर आला. पुस्तकातलं एक चित्र डोळ्यांपुढे होतं. दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की विजेला दोन वाटा मिळतात आणि आकडा निम्म्यावर येतो. तीनशे तीसचा निम्मा म्हणजे दीडशेच्या थोडा वर. तो आकडा मी पाहिला होता, पेजेच्या टोपात उकळी फुटल्यावर.

पट्टीतला आणखी एक तुकडा दातांनी तोडला. पहिल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना त्याची टोकं पिळून बसवली. बोटं भाजत होती. भावजी मागून म्हणत होते, "वैनी, करंट लागात." चावी फिरवली, इंजिन नाही, नुसती वीज. म्हणजे आता मी कॉम्प्युटरला सांगत होते, बाबा रे, उकळलं सगळं!

पंखा असा गरजून सुटला की भावजी दोन पावलं मागे सरले.

काटा लगेच हलला नाही. आम्ही तिघं, मी सीटखाली वाकलेली, शेवंती दारात टोपली धरून, भावजी रस्त्यावर, एका काट्याकडे बघत उभे. देवळात कौल लावल्यावर माणसं देवाच्या कळ्यांकडे बघतात, तसे. मग तो केसभर खाली आला. मग आणखी.

"शेवंतीबाय, चला," भावजी म्हणाले. "आता परत तापतली ती."

शेवंतीने टोपलीवरचा हात काढला नव्हता. तिने टोपली उचलली. मी काट्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. तिने ती सावलीच्या बाजूला सरकवली, वर ओलं गोणपाट नीट दाबलं, आणि आत बसली.

"भिकाजी, तू फुडे जा," ती म्हणाली. "माका काट्यार बघूचा आसा. हिचा लक्ष रस्त्यार असता."

"आणि परत बंद पडली तर?"

"तर परत उतरतंव. पाय काय टेम्पोत इसारलंव नाय."

भावजी गेले. आम्ही आणखी दहा मिनिटं थांबलो. मग मी खटका थंडीवर टाकून गार झालेली गाडी सुरू केली आणि शेवंतीला बटणाजवळ बसवलं. काटा वर सरकला की खटका गरमीवर टाकायचा, म्हणजे पंखा सुटतो, हे तिचं काम. पुढे सगळा रस्ता ती काट्यावर डोळे रोखून बसली होती. सपाटीवर पण मला सांगत होती, "सावकाश गो, सावकाश," जशी काही गाडी तीच चालवत होती.

धामापुरात पोचलो तेव्हा टेम्पो देवळाच्या वळणावर आधीच उभा होता. निम्म्या बायकांनी घेऊन झालं होतं. हे मी लपवत नाही, त्या दिवशी निम्मं गाव आमच्या हातून गेलं. पण आमचा हॉर्न ऐकून उरलेल्या जणी ताटल्या घेऊन आल्या, आणि घेतलेल्याही दोघीतिघी आल्या, नुसत्याच.

"तुळसाबाय, खंय होतंस? टेम्पोवालो म्हणता गाडी भंगारात गेली."

"वाटेत होतंय," मी म्हटलं, आणि पाटीवरचं गोणपाट काढून भाव सांगितला. आमचा भाव. एकीने नेहमीसारखं नाक मुरडलं, एकीने बांगडा दाबून बघितला, काट्याला घाबरणाऱ्या म्हातारीने सुरमई नाही म्हणून मला शिव्या घातल्या. पावसाच्या अडीच महिन्यांत एवढं बरं मला कशानेच वाटलं नव्हतं.

टोपल्या रिकाम्या झाल्यावर एकजण ताटली झाकत म्हणाली, "उद्या येतलास मा?"

मी तोंड उघडायच्या आत शेवंती बोलली, "नव वाजता. टेम्पो आठाक येयत. तेच्या नादाक लागा नको, वाट बघा."